तारे, मजुरी आणि कॅन्सर: मला गावोगावी विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बीएस्सी फिजिक्स केलं आणि गेली सात वर्षं आरोग्याच्या सर्व्हेत फील्डवर काम करून राहिले, म्हणजे पाठीवर बॅग, हातात टॅब आणि घरोघरी जाऊन "घरात किती जण, कोण काय काम करते, खर्रा कोण खाते" हे विचारायचं; खर्रा म्हणजे आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. शनिवारी रात्री समाजमंदिरासमोर माझी सहा इंची दुर्बीण लावते. त्यामुळे दिवसा मी कॅन्सरवाली ताई आणि रात्री ताऱ्यावाली ताई. प्रश्न तेच तेच येतात, व्हॉट्सअपवर तर रोजचेच, म्हणून एकदाचं लिहून टाकते. जिथं जास्त माहीत आहे तिथं जास्त लिहिलंय.

ताई, तारे आन् कॅन्सर, याचा मेळ कुठी बसते?

बसतो ना. दोन्हीकडे फोटोत लाखो ठिपके असतात, त्यातला आपल्या कामाचा कोणता ते ओळखायचं आणि मोजायचं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत अलेक्स सालाय म्हणून खगोलशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेचा डेटा सांभाळला, म्हणजे आभाळाचे तुकड्या-तुकड्याने काढलेले फोटो जोडून एक भला मोठा नकाशा. पुढे तिथल्याच कॅन्सरवाल्या डॉक्टरांसोबत बसून त्यांनी तीच पद्धत गाठीच्या स्लाइडवर लावली, आकाशगंगेच्या जागी पेशी. २०२१ मध्ये ते काम छापून आलं, मेलॅनोमा नावाच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातल्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा इलाज, कोणाला लागू पडेल याचा अंदाज त्यातून काढता येतो असं.

सीटी स्कॅनचंही तसंच. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये सूर्याचा रेडिओ नकाशा काढायला जे गणित मांडलं त्याच जातीचं गणित पुढे सीटी स्कॅनमध्ये लागलं. आणि हबल दुर्बीण १९९० ला वर गेली तर तिचा आरसाच चुकीचा घासलेला निघाला, फोटो सगळे धूसर, १९९३ ला अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्त करेपर्यंत लोकांनी धूसर फोटो साफ करायचे सॉफ्टवेअर लिहिले, आणि ते नंतर मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, बारीक बारीक चुन्याचे कण शोधायला वापरून पाहिले. मला हा किस्सा फार आवडतो. पण म्हणून "दुर्बिणीने कॅन्सर बरा" असं कोणी फॉरवर्ड करू नका बाप्पा, मागे एका ग्रुपवर ते झालंय.

आभाळाकडं पाहून आपल्या गावाले काय भेटते?

रोख काही नाही. पण २ एप्रिल २०२२ आठवा, गुढीपाडवा होता, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अख्ख्या विदर्भाच्या आभाळातून जळते तुकडे एका रांगेत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला लोखंडी कड्यासारखी मोठी रिंग येऊन पडली. आमच्याकडं कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का, आमची आजी म्हणे पाडव्याले असं दिसणं बरं नाही. ते चिनी रॉकेटचे तुकडे असावेत हे अभ्यासकांनी लगेच सांगितलं, कारण वर फिरणाऱ्या मोठ्या तुकड्यांची यादी कोणीतरी रोज बसून ठेवते, कोणता कधी खाली येईल त्याचा हिशोब करते. त्या रात्री ती यादी नसती तर आपण पंधरा दिवस अफवाच चघळल्या असत्या.

आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, त्यातून लेझर सोडायचा आणि दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडतो तो पकडायचा. अमेरिकेतल्या लायगोने असा पहिला फरक १४ सप्टेंबर २०१५ ला पकडला. इतकं नाजूक मोजायचं म्हणून जागा शांत पाहिजे, रेल्वे नको, खाण नको. मागासलेपणाचा असा फायदा पहिल्यांदाच पाहिला.

आपल्या बुढ्या लोकांले ताऱ्यातलं काय समजत होतं?

खूप. मयंक वाहिया हे तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि अमरावतीचे गणेश हलकारे, या दोघांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र मिळून सुमारे १५ गोंड गावांत रात्री बसून लोकांना आभाळ दाखवायला लावलं आणि लिहून घेतलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. सप्तर्षीचे चार तारे म्हणजे बुढीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती चोरून नेणारे चोर. ऋषी वगैरे काही नाही. मी हे सांगितलं तर आमच्या कोलामपोडातला, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतला, एक बुढा हसला, म्हणे "हे सांगाले सायंटिस्ट लागते का?" लागतो आबाजी, कारण तुमच्या नातवाला विचारलं तर त्याला माहीत नव्हतं.

लोणार किती वर्षांपूर्वीचं? एक जण ५० हजार म्हणते, एक जण साडेपाच लाख. खोटं कोण बोलते?

खोटं कोणीच नाही. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्टच्या काळ्या दगडात उल्का आदळून झालेलं, इथपर्यंत वाद नाही. वयासाठी आधी एक पद्धत वापरली, दगड तापवून त्यातून निघणारा उजेड मोजायचा, त्यातून सुमारे ५२ हजार वर्षं आलं. २०११ मध्ये आर्गॉन वायू मोजायच्या पद्धतीने केलं तर सुमारे ५ लाख ७० हजार आलं. दहापट फरक! वर्गातल्या पोरांना हे सांगितलं की ते नाराज होतात, त्यांना एकच आकडा पाहिजे परीक्षेसाठी. पण दगडातलं घड्याळ कोणत्या घटनेने शून्यावर आलं आणि मधात पुन्हा बिघडलं का, यावर सगळं अवलंबून असते.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही तसंच, देवीचा कोप इथपासून केमिकलपर्यंत सगळं ऐकलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले तर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले, त्यांचाच तो रंग.

कामाचं संशोधन म्हणजे काय? काम तं आपण करतोच ना.

करतोच, म्हणूनच ते कोणाला दिसत नाही. कोणत्या कामाने माणसाचं काय झिजते, काय दुखते, किती लवकर मरते हे मोजायचं शास्त्र आहे. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो, काजळीमुळे. कामामुळे कॅन्सर होतो हे तिथून लेखी आलं.

इंग्लंडमध्येच १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी. सगळे ऑफिसात बसणारे, कोणी खाणीत नाही, कोणी उपाशी नाही, तरी सगळ्यात खालच्या पदावरची माणसं सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा सुमारे तिप्पट मरत होती. बिडी-सिगारेट, बीपी सगळं धरूनही पूर्ण हिशोब लागेना. पुढच्या अभ्यासात दिसलं की आपल्या कामावर आपला किती ताबा आहे यानेही फरक पडते. हे मी सालगड्याला सांगितलं तर त्याने मला चहा पाजला फक्त, बोलला काहीच नाही.

जिनिंगचं बघा. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो, त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जखडते आणि आठवडा सरत येतो तशी सैल होते. बाकी जगात त्याला सोमवारचा ताप म्हणतात. मी एका गावात बायांना "दमा आहे का" विचारत होते, सगळ्या नाही म्हणाल्या, मग "बाजाराच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कसं वाटते" विचारलं तर चार जणी एकदम बोलल्या, एकीने तर पदराची गाठ छातीवर आवळून दाखवली, अशी. प्रश्न बदलला की उत्तर बदलते. आमच्या धंद्यात अर्धी अक्कल प्रश्नातच असते आणि ती वर बसून फॉर्म बनवणाऱ्यांना शिकवायला मला तीन वर्षं लागली, ते असो.

फवारणीनं कॅन्सर होते का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली आणि शेकडो भरती झाली, ते विष तिथल्या तिथे चढणारं. कॅन्सर म्हणजे वर्षानुवर्षांचा हिशोब, तो सिद्ध करणं लय कठीण, कारण एका माणसाने वीस वर्षांत कोणकोणते डबे फवारले हे त्यालाच आठवत नाही. मी विचारते तेव्हा उत्तर येते "निळ्या झाकणाचं", "त्या वासाचं".

आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था, आयएआरसी, एकेक पदार्थ तपासून गटात टाकते. तणनाशक ग्लायफोसेट २०१५ मध्ये २ए गटात टाकलं, म्हणजे "बहुतेक होत असावा". रात्रपाळीसुद्धा २ए मध्येच आहे. इथं लोकांचा घोळ होतो. गट म्हणजे पुरावा किती पक्का ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू पहिल्या गटात, म्हणजे "होतो हे पक्कं", आणि मीठ-धूर लावून टिकवलेलं मटणही पहिल्या गटात, याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा नाही. आणि कॅन्सरचा पुरावा येईपर्यंत थांबायचं कशाला, हातमोजे आणि मास्क आजच्या आज लागतात. ४४ डिग्रीत ते घालून फवारणी करून दाखवा असं मला एक भाऊ म्हणाले, आणि त्यांचंही चूक नाही. म्हणूनच पहाटे लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, वाऱ्याच्या उलट्या तोंडाने करू नका, तूर-कापूस उंच झाला असेल तर डोक्यावरून नळी नेऊ नका.

आमचा बुढा साठ वर्षं खर्रा खाऊन राहिला, त्याले काऊन नाही झाला?

हा प्रश्न मला प्रत्येक पानठेल्यावर येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात पन्नीत खर्रा घोटणं चालू असते. सुपारी, तंबाखू, चुना, आणि अंगठ्याने पाच मिनिटं घोटून घोटून तो ओला लगदा गालात. बरं, उत्तर. रस्त्यावर हेल्मेटशिवाय फिरणारे सगळेच मरत नाहीत, म्हणून हेल्मेट फालतू होत नाही. इंग्लंडमध्ये १९५१ पासून ३४ हजारांवर डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू ५० वर्षं नोंदवले, तेव्हा दिसलं की सिगारेट न सोडणाऱ्यांपैकी निदान अर्धे त्या सवयीनेच मेले आणि सरासरी दहा वर्षं आधी. उरलेल्या अर्ध्यांतला एखादा म्हणजे तुमचा बुढा. तो दिसतो कारण तो आहे, जे गेले ते ठेल्यावर येऊन सांगत नाहीत.

"मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी" हेही खूप ऐकते. सुपारी एकटी पण पहिल्या गटात आहे, २००४ पासून. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होते, तिखट झोंबते. घरी करून बघायची गोष्ट: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा, "अक्कलदाढ असेल" म्हणून बसू नका. एका गावात २२ वर्षांच्या पोट्ट्याचं एकच बोट गेलं. तो हसत होता, पूर्ण हसताही येत नव्हतं त्याला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे हे मी इथं लिहिते आणि तुम्ही हसा.

कॅन्सर वाढला, का आताच कळून राहिला?

दोन्ही. माणूस जास्त जगतो म्हणून जास्त होतो, तपासण्या वाढल्या म्हणून जास्त कळतो, आणि काही ठिकाणी खरोखर वाढला. पण हे सांगायला मोजणी लागते. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, आणि आपल्याकडे वर्धा जिल्ह्याची नोंदणी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातून चालते. नोंदणी म्हणजे दवाखाने, लॅब, मृत्यूचे दाखले सगळीकडून नावं गोळा करायची, एकच माणूस दोनदा मोजला गेला का ते बघायचं.

माझी मोठी आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली. अंगावरून जात होतं दोन वर्षं, तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घरीच गेली. दाखल्यावर कारण लिहिलं, वृद्धापकाळ. वय ५६. मोठे बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्यासोबत ठेवलाय. तिथं लिहिणाऱ्याचं पण काय, त्याला एक रकाना भरायचा होता. पण ती कुठंच मोजली गेली नाही, आणि मी हे काम करते त्यात तो कागद आहे.

आमच्यावर, म्हणजे गावातल्या बायांवर, प्रयोग करतात असं ऐकलं.

ऐकलंय ते अर्धं खरं आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायांचा अभ्यास केला. अर्ध्या बायांना दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी तपासलं, पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावायचं, मिनिटभराने पांढरा डाग उठला तर पुढं डॉक्टरकडे. दहावी झालेल्या बाया, चार आठवड्यांचं ट्रेनिंग. त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद, आता धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ बायांवर दुसरा अभ्यास झाला, तिथं एका गटात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली तर आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी नसलेल्या गटात ६४.

आता ते ६४ बघा. त्या बायांना माहिती दिली होती, पण तपासणी नव्हती, आणि यावर टीका झाली, परदेशातूनही झाली. करणाऱ्यांचं म्हणणं, त्या काळी देशात गावपातळीवर तपासणी कोणालाच मिळत नव्हती, आणि तुलना केल्याशिवाय सरकार ऐकत नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि झोप येत नाही. एवढं मात्र खरं की आज जगात "एचपीव्ही तपासा" असं सांगतात त्यामागे त्या बायांनी दिलेले नमुने आहेत. त्यांच्या गावात मी कधी गेले नाही, पण एक दिवस जायचंय.

दवाखान्यात म्हणाले ट्रायलमध्ये घेतो, सही करा. करू का?

ट्रायल म्हणजे इलाजाची माणसांवर चाचणी. वाचून करा, वाचता येत नसेल तर तिसऱ्या माणसाकडून, दवाखान्याच्या नसलेल्या, वाचून घ्या. कागद मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. कधीही बाहेर पडता येते आणि त्याने नेहमीचा इलाज थांबत नाही. ट्रायलमुळे काही झालं तर इलाजाचा खर्च करणाऱ्यांवर, हे २०१९ च्या नियमांत आहे. ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशाच्या ट्रायल-नोंदणीतला नंबर, विचारा, २००९ पासून नोंदणी बंधनकारक आहे, नंबर सांगता येत नसेल तर उठून या.

पण संशोधन म्हणजे महागडी औषधंच ना?

नाही, आणि इथं आपल्या डॉक्टरांचा मला अभिमान वाटतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असेल तर मानेतल्या गाठी आत्ताच काढायच्या की वाढल्यावर, याचं भांडण पन्नास वर्षं चालू होतं. टाटाने २०१५ मध्ये दाखवलं, आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबलं तर साडेसदुसष्ट. औषध एक नवं नाही. २०२३ मध्ये राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १,६०० बायांच्या अभ्यासात दाखवलं की स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भूल द्यायचं साधं लिग्नोकेन टोचलं तर पाच वर्षांनी जगणाऱ्या ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जातात. दात काढताना देतात तेच औषध. आणि निव्होलुमॅब हे खरंच महाग औषध, नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, तर टाटाने पुढच्या स्टेजच्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये इतर गोळ्यांसोबत फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. कंपनीने असा प्रयोग कशाला केला असता?

पोरीले खगोलशास्त्रात जायचं हाये, बारावी सायन्स. पोट भरन का?

भरते, उशिरा भरते. बारावीनंतर आयसरची किंवा नेस्टची परीक्षा, नाहीतर साधं बीएस्सी करून मग एमएस्सीसाठी जॅमची परीक्षा. पुढं पीएचडी, पाच-सहा वर्षं, त्यात सुरुवातीला जेआरएफ नावाची शिष्यवृत्ती महिन्याला ३७ हजार. त्यानंतर दोन-दोन वर्षांच्या पोस्टडॉक नोकऱ्या, आज पुणे, उद्या जर्मनी, पक्की नोकरी पस्तिशीत लागली तर नशीब. लग्नाची घाई असलेल्या घराला हे आधी सांगा. पण मधात बाहेर पडलेल्यांना डेटाचं काम येते, ती मुलं उपाशी राहत नाहीत. रात्री जागावं लागते हा गैरसमज, आता बहुतेक जण दिवसा कॉम्प्युटरसमोर बसतात.

आणि तोवर घरबसल्या सुरू करायचं तर झूनिव्हर्स ही वेबसाइट आहे, साध्या लोकांनी फोटो पाहून त्यात काय आहे ते ओळखायचं, २००७ च्या गॅलेक्सी झूपासून वाढलेलं, हान्नी नावाच्या डच शाळामास्तरणीने त्यात एक हिरवा ढग शोधला जो कोणाला माहीतच नव्हता. त्याच लोकांनी २०१२ मध्ये कॅन्सरच्या स्लाइड ओळखायलाही लोकांना बसवलं होतं. आपल्याकडे रॅड ॲट होम आहे, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा डेटा बघायचा, बीएस्सीच्या पोरांना घेतात. नेट तेवढं पाहिजे, आणि आमच्याकडे ते पिंपळाच्या पारावर येते.

दुर्बीण कधी लावते?

अमावस्येजवळचे दोन शनिवार, दसऱ्यापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात विचारू नका. शनीची कडी दिसते का हे तारखेवर आहे, आधी फोन करा. चौकातला हायमास्ट सरपंच अर्धा तास बंद करतात, तेवढ्यात आटपायचं. लहान पोरं आधी, मग बाया, मग बाकीचे. आणि खर्रा तोंडात असेल तर लाइनीत उभं राहायच्या आधी थुंकून या, लांब, मागच्या वेळी ट्रायपॉडचा पाय धुवायला मला सकाळ लागली.